मंजूला विचारणे

“खुणा न पुसता पॉलिश होईल की नाही, एवढंच सांगा.”

शलमोन मास्तरांनी गिटार मांडीवर उपडी घेतली, डोळे मिटले आणि तिच्या पाठीवरून तळहात फिरवत राहिले.

मंजिरी खाडे उभीच होती. बसायला स्टूल होतं. पण बसलं की ऐकून घ्यावं लागतं. ती कॉलेजात गणित शिकवायची, आणि ऐकून घेणं हा काही तिचा विषय नव्हता.

गिटार तिच्या वडिलांनी केलेली. महादेव खाडे, एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक, एकसष्टाव्या वर्षी मिरजेत मास्तरांच्या हाताखाली गिटार बनवणं शिकायला आले. चार वर्षांत ही एकच गिटार केली. लाकूड जोडून झालं, पॉलिश करायचं आणि मानेवर तारेचे आडवे पडदे बसवायचे राहिले. पौषात ते गेले.

“ह्यो चहाच्या कपाचा गोल,” मास्तर डोळे उघडून म्हणाले. “लई बोललो होतो त्याला यावरनं.”

त्यांनी बोट खाली सरकवलं.

“ह्यो तळव्याचा डाग. इथं हात टेकून उठायचा. गुडघे धरायचे त्याचे.”

“आणि हे,” मंजिरी म्हणाली.

पाठीच्या खालच्या अंगाला शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. शिसवीचं काळपट लाकूड, त्यामुळे सरळ बघितलं तर कळत नसे. उजेडात तिरकी धरली की अक्षरं चमकायची.

*पडद्यांची अंतरं. मंजूला विचारणे.*

“विचारलं होतं त्यानं?”

“हो.”

“मग?”

“मी म्हटलं, अण्णा, हे सगळं नेटवर मिळतं. रविवारी बघू.” तिने पर्सचा पट्टा सारखा केला. “त्यानंतर ते जाईपर्यंत सात रविवार आले. मी मोजलेत.”

...

मग तिने पिशवीतून वार्निशचा एक डबा काढला. रात्रभर वाचून, चौकशी करून आणलेला. “हे पारदर्शक आहे. वरून दोन हात मारा. खाली सगळं जसंच्या तसं राहील.”

मास्तरांनी झाकण उघडून वास घेतला, झाकण नीट लावलं आणि डबा परत दिला.

“शिसवीला भोकं असतात, बाई. सुईच्या टोकाएवढी, पण पाठभर. ती भरावी लागतात आधी. न भरता वरनं मारलंस तर भोकावर नुसता पापुद्रा धरंल, आणि पापुद्रा फुटंल. मग पावसाळ्यात लाकूड ओल पीत बसतंय. हात लावून बघ, गेल्या पावसाळ्यानंच फुगलीय जरा.”

तिने हात लावला. पाठ फुगली होती.

“म्हणजे पुसायचं.”

“घासायचं.”

“तेच ते.”

मास्तरांनी गिटार उचलून सुलटी केली.

“मग नको. मी काचेच्या कपाटात ठेवीन.”

“ठेव की. कपाटात बरी दिसंल.” मास्तरांनी गिटार तिच्या हातात दिली. “म्हादूला कपाटातलीच करायची असती तर चार वर्षं पाठीचा काटा मोडून घेतला नसता, एवढंच.”

मंजिरी दारापर्यंत गेली. बाहेर ऊन रणरणत होतं. ती उंबऱ्यावर थांबली. तिला राग आला होता, आणि तो मास्तरांचा नव्हता.

“तुम्ही घासाल?”

“त्याचं अक्षर मी पुसू? जमायचं न्हाई मला.”

“मग कोण?”

मास्तरांनी स्टूल पुढे सरकवलं.

ती बसली.

त्यांनी टेबलावर पांढरा कागद पसरला, त्यावर गिटार पालथी ठेवली आणि एका लाकडी ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून दिला. “रेषेच्या दिशेनं. आडवं घासू नको, ओरखडे पडतात.”

चहाचा गोल लवकर गेला. तळव्याच्या डागाला वेळ लागला. मग ती अक्षरांच्या डावीकडून घासत आली, उजवीकडून घासत आली, खालून आली. शेवटी विताएवढा तुकडा तेवढा राहिला. मास्तरांनी चहा केला, तिचा कप तिच्याजवळ ठेवला, आपला प्यायला, कप विसळून ठेवला.

“मास्तर, एवढं तुम्ही...”

“न्हाई.”

तिने ठोकळा टेकवला. आधी *पडद्यांची* गेलं. *विचारणे* गेलं. *मंजूला* सगळ्यात शेवटी गेलं. ती रडली. लपवलं नाही, लपवता आलंही नसतं.

भुकटीखाली काही उरलंय का ते बघायला ती वाकली आणि तिने फुंकर घालायला ओठ पुढे केले. तेवढ्यात मास्तरांचा हात मध्ये आला.

“फुंकू नको.”

त्यांनी मऊ ब्रशने सगळी भुकटी कागदावर उतरवली. कागदाची नळी केली आणि टिचक्या मारत एका औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतली. बाटलीवर चिठ्ठी आधीच लावलेली होती: *महादेव.* फळीवर अशा बाटल्यांची रांग होती. मंजिरीला मघापासून ती मास्तरांची औषधं वाटत होती.

“ही कशाला?”

“भोकं कशानं भरायची? जिची भुकटी तिलाच लागते. दुसरीची चालत न्हाई, रंग फसतोय.”

तिने बाटली हातात घेतली. उजेडाकडे धरली.

“म्हणजे यात...”

“हं,” मास्तर म्हणाले.

त्यानंतर ती दर रविवारी आली. सकाळी मास्तर ख्रिस्ती देवळात उपासनेला गिटार वाजवायचे, म्हणून दुपारी. लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली. मलमलीच्या फडक्यात कापसाचा बोळा. भुकटीची एक चिमूट. तिने इतकी वर्षं पोरांना वर्तुळं शिकवली, पण एकही वर्तुळ तिला मास्तरांच्या मनासारखं काढता येईना.

“गोल फिरव. मध्ये थांबू नको, बोळा चिकटंल.”

“किती वेळा फिरवायचं?”

“मोजू नको.”

हे तिला सगळ्यात जड गेलं.

“आणि गिटारीच्या पुढच्या पांढऱ्या फळीवर ह्यो फडका न्यायचा न्हाई. शिसवीचा लाल रंग चढला की जात न्हाई.”

फळीवर चढला नाही, बोटांवर चढला. सोमवारी वर्गात एका मुलीने विचारलं, मॅडम, कुणाचं लग्न होतं? मंजिरी हसली. वर्गाला त्याची सवय नव्हती.

तिसऱ्या रविवारी ती गिटार बघून दचकली. “मास्तर, खड्डे परत आलेत. मी तर सगळे भरले होते.”

“खाली बसलंय ते.”

“माझं काही चुकलं का?”

“भरलेलं बसतंच. लगेच कुणाचं भरून निघतंय?” त्यांनी बाटली तिच्यापुढे सरकवली. “परत भर.”

तिने परत भरलं. चौथ्या रविवारी पुन्हा थोडं बसलं होतं. पाचव्या रविवारी तिने त्याबद्दल विचारायचं सोडून दिलं. मास्तर अण्णांच्या गोष्टी सांगायचे, मध्येच. पहिल्या दिवशी लाकडाला त्यांनी बसचं बोनेट ठोकावं तसा हातोडा कसा घातला होता वगैरे. ती ऐकून घ्यायची. बोळा फिरत असायचा.

सातव्या रविवारी पाठीत खिडकी दिसली. गज, आभाळ, बाहेरच्या दोरीवरचा टॉवेल, सगळं. मंजिरीने बोटाने चाचपलं. कुठेच काही लागलं नाही.

“झाली?” तिने हळूच विचारलं.

“पडदे राहिले की.”

मास्तरांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली एक लाकडी फळी उतरवली, फडक्याने पुसली आणि टेबलावर ठेवली. फळीवर शाईने आकडे लिहिले होते, एकाखाली एक: पहिला पडदा, दुसरा, तिसरा, पुढे एकोणिसाव्यापर्यंत. प्रत्येकासमोर अंतर.

मंजिरीने सवयीने मनात हिशोब केला. सगळे बरोबर होते.

मग तिचं लक्ष चारच्या आकड्यावर गेलं. मानेत मोडलेला, शेपूट लांब ओढलेला चार. लहानपणी तिच्या वह्यांना आकडे घालून कोण द्यायचं, ते तिला आठवलं.

“ही फळी कधीपासून आहे इथं?”

“तीस वर्षं झाली असतील.”

“आणि हे अक्षर...”

“पुसट झालं होतं सगळं. गेल्या दिवाळीत म्हादूनंच गिरवून दिलं. दोन दिवस बसला होता.”

तिने चारच्या शेपटीवरून बोट फिरवलं.

“त्यांच्याकडे सगळं होतं, मास्तर,” ती म्हणाली. “स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं. मग मला काय विचारायचं होतं त्यांना?”

मास्तरांनी पडद्यांच्या तारेचं वेटोळं सोडलं, पहिला तुकडा मोजून कापला आणि तिच्या लाल पडलेल्या बोटांत दिला.

“आकडे त्याच्याजवळ होतेच की, पोरी... तुझा रविवार तेवढा नव्हता.”