सुजलेला पाय आणि कोरी प्लेट

गोष्टी सांगायची मला हौस नाही. सून मागेच लागली, म्हणून लिहितो.

उंदरांच्या कितीतरी पिढ्यांपूर्वी एका प्रयोगशाळेत एक पांढरा उंदीर होता. त्याचा पाय सुजला होता आणि त्यावर नवं औषध चालू होतं. अंगात सूज असली की रक्तातून तिचे निरोपे धावतात. ते मोजायला रक्ताचे थेंब घालायची एक प्लेट होती. निरोपे जितके जास्त, तितकी ती पिवळी व्हायची.

त्या दिवशी उंदराचं रक्त फ्रीजबाहेर ठेवून मंडळी चहाला गेली. उकाड्यात निरोपे नासले. मोजायला घेतलं तेव्हा प्लेट कोरीच राहिली.

"सूज गेली," प्लेट म्हणाली. "उद्यापासून सगळ्या पिंजऱ्यांना हेच औषध."

उंदरानं पाय वर केला. "मग हा काय लाडू बांधलाय?"

"मी मोजलंय. तुझं सगळं नाटक आहे."

"तू नासलेलं मोजलंस, बये. ताजं मोज!"

"गप रे," शेजारची उंदरीण कुजबुजली. "परत सुई टोचतील."

"टोचू देत. मी गप्प बसलो तर उद्या तुझी पोरंही अशीच लंगडतील."

प्रयोगशाळेच्या मॅडम चहाहून आल्या तेव्हा त्यानं त्यांचा हातमोजा दातात धरला, तो त्यांनी पाय बघेपर्यंत सोडलाच नाही. मॅडमनी पाय दाबून पाहिला आणि ताजं रक्त काढलं. प्लेट हळदीसारखी पिवळी झाली.

माझाही गुडघा सुजला होता. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून मला चारचौघांत ढोंगी म्हणणारा आमचा शेजारी भास्कर कुंभोजकर अजून माफी मागायला आलेला नाही.