पंचांचा उंच ओटा

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याचे दोन्ही काठ धरून एक गाव वसलं होतं. अर्धं गाव अलीकडे, अर्धं पलीकडे. मधे जायला-यायला एक साकव होता. साकव म्हणजे काय, तर काठावरून काठावर टाकलेली दोन खोडं आणि त्यावर ठोकलेल्या फळ्या.

गावाचा कारभार पाच पंच बघायचे. पाणी, वाट, गटार, दिवाबत्ती, सगळं त्यांच्याकडे. ते चावडीपुढच्या ओट्यावर बसायचे. त्या गावात एक रीत होती. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट उमगेल.

ज्याला पंचांना काही विचारायचं असेल, त्यानं ओढ्यातला एक दगड आणायचा. एका अंगाला खिळ्यानं आपल्या घराची खूण कोरायची. कुंभारानं चाक कोरावं, गवळ्यानं गाईच्या गळ्यातली घंटा, बुरडानं बांबूच्या कांबीवर आडवी कांब. दुसऱ्या अंगाला सवालाची खूण. विहिरीचा सवाल असला तर गोल, वाटेचा असला तर नागमोडी रेघ, साकवाचा असला तर शेजारी शेजारी दोन सरळ रेघा. तो दगड ओट्यापुढे ठेवायचा. मग पंचांनी काम करायचं. काम झालं की पंचानंच आपल्या हातानं तो दगड उचलायचा, भर गावातून चालत न्यायचा आणि परत ओढ्यात सोडायचा. लोक दारात उभे राहून बघायचे. दगड पाण्यात गेला की समजायचं, सवाल मिटला.

किती साधी रीत, बघा. पण साधी रीतसुद्धा राखावी लागते.

पुढं पुढं पंचांना दगड उचलून गावातून जायची लाज वाटू लागली. अंगावर धुतलेलं उपरणं आणि हातात चिखलाचा दगड! त्यांनी ते काम चावडीच्या राखणदाराला सांगितलं. मग काम व्हायच्या आधीच दगड उचलायला सांगू लागले, म्हणजे चावडीपुढचं अंगण मोकळं दिसेल. आणि लोक काय करायचे? दगड ठेवायचे, पंचांना हात जोडायचे आणि घरी जायचे. दुसऱ्या दिवशी जागा मोकळी दिसली की एकमेकांना सांगायचे, "उचलला बरं का आपला दगड. आता काम लागलं मार्गी."

अशी वर्षं गेली.

या वर्षांत आणखी एक गोष्ट झाली. पंचांचा ओटा उंच होत गेला. कसा, ते कुणी विचारलं नाही. आधी एक पायरी लागली, मग दोन, मग थेट सागवानी शिडी. पंचांना वाटायचं, आपला मान वाढतोय. आणि गावाला तर त्याचा केवढा अभिमान! पाहुणा आला की आधी ओटा दाखवायला न्यायचे. "असा उंच ओटा दुसऱ्या गावात दाखवा!" आता एवढ्या उंचावर खालचं बोलणं नीट ऐकू जायचं नाही, ही गोष्ट खरी. खालून कुणी म्हणालं, "पंच, गटार तुंबलंय," तर वरून आवाज यायचा, "काय? अंगण झाडलंय? छान, छान!"

त्या गावात भिवरा नावाची एक बुरडीण राहायची. सुपं, रोवळ्या, कणग्या विणायची. तिची एकुलती एक लेक सुंदरा बाळंतपणाला माहेरी आली होती. सुंदराचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं होतं, कारण सासरच्या गावी वेळेवर सुईण मिळाली नव्हती. म्हणून तर भिवरानं तिला हट्टानं माहेरी आणलं. इथं हौसा सुईण होती. तिच्या हाताला मोठं यश.

पण हौसा राहायची पलीकडच्या काठाला.

भिवरा तिला सांगायला गेली, तेव्हा हौसा दारात पाय पसरून बसली होती. म्हणाली, "भिवरे, तुझी लेक ती माझी लेक. पण त्या साकवावरून मी आता येणार न्हाई. परवा फळी मोडून गुडघ्यापर्यंत पाय आत गेला माझा. शेजाऱ्यानं ओढून काढली, तेव्हा वर आले. ओढा भरला की मग तर बघायलाच नको."

"अगं, मग माझ्या लेकीचं कसं?"

"मला का विचारतीस? साकव काय माझ्या बापानं बांधलाय? ज्यांचं काम आहे त्यांना विचार की."

भिवरा घरी आली. सुंदरा नुसती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. ते बघणं भिवराला सोसवेना.

तिनं ओढ्यातून दगड आणला. खुणा कोरल्या. चावडीपुढे ठेवला. वर तोंड करून म्हणाली, "पंच, साकव कधी दुरुस्त करणार?"

वरून मुख्य पंच म्हणाला, "बघू." दुसरा म्हणाला, "करू." तिसरा म्हणाला, "होईल." उरलेल्या दोघांनी माना हलवल्या.

एरवी इथं माणसं हात जोडून निघायची. भिवरा निघाली नाही. तिनं कांबट्या बरोबर आणल्या होत्या. ती दगडाशेजारी मांडी घालून बसली आणि विणायला लागली. दगड तिनं आधीही ठेवले होते. ते उचलले गेले होते आणि साकव मात्र होता तसाच होता. या खेपेला तिला बघायचं होतं, दगड कोण उचलतो आणि कुठं नेतो.

पाण्याला जाणाऱ्या बायका हसल्या. "काय गं भिवरे, बूड चिकटलं का दगडाला?"

"चिकटलं असंल," भिवरा म्हणाली. "तुझं चिकटत न्हाई, म्हणून तर तुझ्या आळीत चिखल आहे."

बायका पुढं गेल्या, पण हसणं तेवढ्यावरच थांबलं.

दिवस कलला तसा राखणदार येसूतात्या कमरेवर हात ठेवून आला. गरीब माणूस. म्हणाला, "ऊठ भिवरा. दगड उचलायचाय."

"साकव झाला?"

"ते मला काय ठाऊक? मला उचल म्हणतात, मी उचलतो."

"नेता कुठं?"

येसूतात्यानं एकदा ओट्याकडे बघितलं, एकदा आपल्या पायांकडे. "ओढा लांब आहे गं," एवढंच म्हणाला. आणि दगड न उचलताच परत गेला.

दुसऱ्या दिवशी भिवरा पुन्हा येऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. आता लोकांना दिसू लागलं की ती सूप विणत नाहीये. ती पाळणा विणतेय. तळ झाला, मग कडा चढू लागल्या. जाणारा-येणारा पाळण्याकडे बघायचा आणि त्याच्या मनात आपोआप यायचं, वेळ किती राहिला? कुणी तोंडानं विचारलं नाही, पण येता-जाता पावलं तिथं अडखळू लागली.

मुख्य पंचालाही वरून पाळणा दिसत होता. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्यानं शिडीच्या मधल्या पायरीपर्यंत उतरून तिला हाक मारली.

"भिवराबाई, इकडं या. हे बघा, तुमच्यासाठी करतो काहीतरी. वेळ आली की डोली पाठवतो. चार दांडगे गडी वरच्या अंगाच्या उथळ पाण्यातून हौसाला उचलून आणतील. झालं तुमचं काम? मग तेवढा दगड काढा आणि घरी जा. लोक बघतायत."

भिवराचे हात थांबले.

आता बघा, तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? लेकीचा जीव म्हणजे काही थोडी गोष्ट नाही. भिवरा कितीतरी वेळ पाळण्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "डोली पाठवा पंच, तुमचे उपकार होतील. पण हा दगड डोलीचा न्हाई, साकवाचा आहे. तो इथंच राहील."

"म्हणजे दोन्ही पाहिजे?"

"माझी लेक डोलीनं सुटंल. सुताराची सून पुढच्या महिन्यात बाळंत व्हायची आहे. तिनं कुठं जायचं? तिनंही येऊन तुमचे पाय धरायचे?"

मुख्य पंचाला राग आला. "मग डोली न्हाई आणि काही न्हाई! बसा दगड राखत." आणि तो शिडी चढून वर गेला.

भिवराच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण तिनं कांबटी उचलली आणि पुढचा वेढा घातला.

हे सगळं येसूतात्या चावडीच्या दारातून ऐकत होता. तो आत गेला. पाण्याचा हंडा घेऊन बाहेर आला. ओट्याच्या बाजूला गेला आणि सारवलेल्या भिंतीवर त्यानं हंडा ओतला. मग दोन्ही हातांनी ओला लेप ओरबाडायला लागला.

"येसू, वेड लागलं का तुला?" वरून पंच ओरडले.

माती ढासळली. शेणाचा पापुद्रा सुटून खाली आला. आणि आत दिसले दगड.

दगडावर दगड, दगडावर दगड. चाक कोरलेले, घंटा कोरलेले, कांबा कोरलेले. ओढा लांब म्हणून, कंबर धरते म्हणून, येसूतात्यानं आणि त्याच्या आधी त्याच्या बापानं गावाचा प्रत्येक सवाल या ओट्यालाच लावून वरून सारवून टाकला होता. ज्या उंच ओट्याचा गावाला एवढा अभिमान होता, तो सगळाच्या सगळा त्यांच्याच न मिटलेल्या सवालांचा होता.

पाण्याला निघालेल्या बायका थांबल्या. कुंभार चाक सोडून आला. पलीकडची माणसं जीव मुठीत धरून साकवावरून आली. कुणी आरडाओरडा केला नाही. देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा पाऊल टाकावं, तशी माणसं हळूहळू पुढं आली आणि दगडांना हात लावू लागली.

"हा माझ्या आज्याचा. विहिरीचा सवाल."

"ही माझ्या आईची खूण. गटारीसाठी ठेवला होता तिनं. बिचारी मरेपर्यंत म्हणायची, होणार आहे काम, दगड उचललाय त्यांनी."

भिवरानं खाली वाकून एक दगड पुसला. कांबीवर आडवी कांब. मागं दोन सरळ रेघा. कोरणी ओळखीची होती; तिच्या सासूनं याच साकवासाठी ठेवलेला दगड होता तो. भिवरानं तो कपाळाला लावला. सगळं अंगण इतकं शांत झालं की ओढ्याचं पाणी चावडीपर्यंत ऐकू आलं.

मग कुंभारानं एक दगड उचलून वर धरला. त्यावर घंटा होती. घंटेच्या बाजूला दुधाची छोटी चरवी कोरलेली. तशी चरवी गावात एकच बाई कोरायची.

"पंच," कुंभार म्हणाला, "ही खूण ओळखता का?"

मुख्य पंचानं वरून बघितलं. त्याला नीट दिसेना. तो एक पायरी उतरला, मग आणखी एक, आणि बघता बघता शिडीवरून पार खाली मातीत आला. त्यानं दगड हातात घेतला. त्याची आई गवळीण होती. रोज डोक्यावर दूध घेऊन पलीकडे जायची. त्यानं दगड उलटला. मागं दोन सरळ रेघा होत्या.

"एकदा साकवावर पाय घसरून पडली होती ती," मुख्य पंच हळूच म्हणाला. "चरवी वाहून गेली. आम्ही पोरं हसलो होतो. तिनं दगड ठेवला होता हे कधी बोलली न्हाई मला."

"बोलली की," भिवरा म्हणाली. "ओट्याला बोलली होती. तुम्ही तिच्या बोलण्यावरच बसला होता, बाबा. मग ऐकू कसं येणार?"

मुख्य पंच तिथंच जमिनीवर बसला. खालून त्यानं आपल्या ओट्याकडे पहिल्यांदाच मान वर करून बघितलं. उरलेले चार पंच वरून एकेक करून, कुणी न सांगता उतरले.

"आता काय करू?" मुख्य पंचानं विचारलं.

"काय म्हणजे? साकव," भिवरा म्हणाली.

मग ते काम सुरू झालं. तसं काम त्या गावानं आधी कधी बघितलं नव्हतं. ओट्यातले साकवाच्या खुणेचे दगड आधी काढले. पंचांनी उपरणी कमरेला बांधली आणि एकेक दगड हातांनी वाहून ओढ्यावर नेला. माणसं दारात उभी राहिली, मग दारं सोडून त्यांच्या मागं चालू लागली. दगड पाण्यात नुसते सोडले नाहीत. एकावर एक रचून त्यांचे जाड खांब उभे केले. आडवं टाकायला लाकूड कमी पडलं, तेव्हा येसूतात्या म्हणाला, "ती सागवानी शिडी आहे की. आता ती कुणाला पाहिजे?"

सगळे हसले. पंचही हसले. शिडी साकवाला लागली. इकडं ओटा खाली येत गेला, तिकडं साकव वर येत गेला.

शेवटची फळी ठोकली, त्याच दिवशी सुंदराला कळा सुरू झाल्या. ओढा भरून वाहत होता. हौसा पलीकडच्या काठावर आली, पाय आपटून फळी बघितली आणि म्हणाली, "हं. आता हत्ती गेला तरी चालंल." आणि ती ज्या साकवावरून चालत आली, त्याच्या खांबांत भिवराच्या सासूचा दगड होता, आणि मुख्य पंचाच्या आईचाही.

दिवे लागायच्या वेळी पाळण्यात मुलगी रडत होती. खणखणीत.

सकाळी मुख्य पंच चावडीपुढे आला. भिवराचा दगड अजून जागेवर होता. तो त्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि भर गावातून चालत नेऊन ओढ्यात सोडला. रीतीप्रमाणे. म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले, कारण त्यांनी हे फक्त ऐकलं होतं, बघितलं कधी नव्हतं.

मागाहून विहिरीचे सवाल मिटले, वाटेचे मिटले, गटारीचे मिटले. वेळ लागला, पण मिटले. आणि सगळे दगड निघाल्यावर अगदी तळाशी गावकऱ्यांना जुना ओटा सापडला, गाव वसवणाऱ्यांनी ठेवलेला. एक सपाट शिळा, जेमतेम वीतभर उंच, बसून बसून मधोमध झिजलेली. तिच्यावर बसलेल्या पंचाचा गुडघा समोर बसलेल्या माणसाच्या गुडघ्याला लागायचा. पंच आता तिथंच बसतात. सगळं ऐकू येतं त्यांना.

आणि गावकरी? तेही शहाणे झाले. दगड ठेवला की कुणीतरी एक जण तिथं बसतो. सूप विणतो, शेंगा सोलतो, पोरांना गोष्टी सांगतो. पण बसतो.

तात्पर्य एवढंच, लेकरांनो: जो सवाल विचारून आपण उत्तराआधी उठून जातो, त्याचीच कुणाला तरी बसायला उंच जागा होते, म्हणून विचारावं, आणि विचारलं की थांबावं.