वळून पाहणारा मोर

एका गावात एक टांकसाळ होती आणि तिच्या समोरच नागोशेट सराफाची पेढी होती. टांकसाळीत मोराच्या छापाचे तांब्याचे पैसे पडत. एकदा साचा कोरणाऱ्याचा हात चुकला आणि मोराची मान मागे वळली. चूक ध्यानात येऊन साचा मोडेपर्यंत शे-दोनशे पैसे बाजारात गेलेच.

गावातल्या आयांना हा वळून पाहणारा मोर फार आवडला. लेक सासरी निघाली की तो तिच्या ओटीत घालायचा, आणि पहिल्या दिवाळीला तिनं माहेरी येऊन तो परत द्यायचा, अशी रीतच पडली. सासरच्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. परत आलेला मोर पुढच्या नवरीच्या ओटीत जाई. मोर होते मोजकेच, पण हातोहात फिरून साऱ्या गावाच्या लेकींना पुरत.

शहरातले नाण्यांचे शौकीन अशा चुकलेल्या पैशाला चांदीचा रुपया देतात, हे नागोशेटच्या कानावर आलं. मग काय, माहेरी परतलेला एकेक मोर तो विकत घेऊ लागला. अडल्यानडल्यांनी विकले. मोर दिसेनासे झाले तसा भाव चढला. रुपयाची मोहोर झाली. नागोशेट मडकं भरत राहिला.

पारू कुंभारीण पदर पसरून आली. "शेटजी, येवढा एक मोर द्या. दिवाळीला लेक आली की तुमच्या हातात आणून ठेवते."

"मोहोर आण, मोर ने," नागोशेट म्हणाला.

पारूची लेक मोराविना गेली आणि दिवाळीला आली नाही. गावाला पणत्या पुरवणाऱ्या पारूच्या दारात त्या साली अंधार होता.

पुढे नागोशेटच्या एकुलत्या एक लेकीचं, सगुणेचं, लग्न झालं. निघताना ती म्हणाली, "बाबा, माझ्या ओटीत एक मोर द्याल ना?"

नागोशेटचा हात मडक्याकडे गेला. पण एक मोर बाहेर दिसला, तर आणखी आहेत हे लोक ओळखतील आणि भाव पडेल. त्यानं सोन्याच्या पाटल्या पुढे केल्या.

दिवाळीला तिला आणायला गेलेली गाडी रिकामी परतली. व्याह्यांचा निरोप होता, "परत द्यायला मोरच नाही, मग पाठवायचं कशाला?" नागोशेट ढसाढसा रडला, पण मडक्याला हात लावेना. भाव अजून चढत होता.

इकडे गावच्या आया पारूच्या अंगणात जमल्या. मोर मिळत नाही तर हळकुंड घालू, म्हणाल्या. सोयऱ्यांनीही ते मानलं आणि लेकी पुन्हा माहेरी येऊ लागल्या. पारूच्या सोयऱ्यांनी मागाहून पाठवलेलं हळकुंडही चालवून घेतलं, आणि तिचीही लेक आली.

अखेर शहरातला एक शौकीन मोहोरा घेऊन आला. नागोशेटनं हावरेपणानं सगळं मडकंच त्याच्यापुढे पालथं केलं. पाहुण्याचा चेहरा उतरला.

"एखादाच उरलाय म्हणून आलो होतो, शेटजी. मडकंभर आहेत, तर हा साधा पैसाच की!"

तो गेला. तेव्हा कुठे नागोशेट एक मोर मुठीत धरून सगुणेच्या सासरी धावला. विहीणबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "गरिबाची ओटी मागाहून भरली तर चालते, शेटजी. तुम्ही मोर असून दिला नाहीत. आता हा साधा पैसा आहे." दाराआड सगुणा डोळे पुसत होती. ती बाहेर आली नाही.

आता दर दिवाळीला नागोशेट वेशीवर बसतो. हळकुंडं घेऊन लेकी येतात, त्यांच्या आया धावत सामोऱ्या जातात. नागोशेटच्या तळहातावरचा मोर तेवढा मागे वळून बघत असतो.

तात्पर्य: जे हातोहात फिरून मोलाचं होतं, ते दडवून ठेवणारा त्याचं मोलही घालवतो आणि आपलं माणूसही.