अनसूयाबाईला ओवाळलं त्याची कहाणी

ऐका जिवतीमाते, तुमची कहाणी. आटपाट नगराच्या पल्याड एक गाव होतं. तिथं अनसूयाबाई नावाची म्हातारी राही. मुलगा केशव, सून मालन, लहान नातवंडं, असं घर होतं.

श्रावणातल्या शुक्रवारी म्हातारी काय करी? भिंतीवर जिवतीचा कागद लावी, पुरण वाटी, नातवंडांना पाटावर बसवी. तबक मात्र सुनेच्या हाती देई. "मी विधवा, मी मागं बरी," म्हणे, आणि चुलीपाशी उभी राही. तिला कुणी कधी ओवाळलं नाही. तिनं कधी मागितलं नाही.

एके वर्षी काय झालं? म्हातारी लांबच्या शहरात भाचीकडे बारशाला गेली. पाळणा म्हणता म्हणता शब्द अडखळला, दोरी हातून सुटली, म्हातारी कोसळली. तिला इस्पितळात नेलं. केशव मिळेल त्या गाडीनं धावला. मालनला जाता येईना. पदरी लहान लेकरं, गोठ्यात व्यायला टेकलेली गाय.

मग श्रावणातला शुक्रवार आला. सकाळी केशवचा फोन आला. "आईंनी डोळे उघडले?" "नाही गं." दुपारी फोन आला. "आई बोलल्या?" "नाही गं." तिसऱ्या प्रहरी फोन आला. "आईंनी ओळखलं?" केशव रडू लागला. "डॉक्टर तिला अनसूयाबाई, अनसूयाबाई म्हणून हाका मारतायत. ती ओ देत नाही."

मालननं डोळे पुसले. पुरण घातलं, मुलांना ओवाळलं, तबक खाली ठेवू लागली. तोच दारात एक बाई आली. कपाळभर कुंकू, कडेवर मूल, ओळखीची ना पाळखीची.

"बाई बाई, तबक का ठेवतेस? घरातलं एक लेकरू राहिलं."

"कोणतं?"

"तुझी सासू."

मालन म्हणाली, "त्या म्हाताऱ्या आहेत."

"आईला लेकरू म्हातारं दिसत नाही."

"त्या इथं नाहीत."

"दूरच्या लेकरांसाठी त्यांच्या दिशेला अक्षता टाकतेस ना?"

शेजारची राधाबाई हळदीकुंकवाला आली होती. ती म्हणाली, "अगं, विधवेला ओवाळतात का?"

मालननं बाईकडं पाहिलं. बाई म्हणाली, "ती जन्मली तेव्हा कोण होती? सवाष्ण की विधवा?"

 मग मालननं तबक उचललं. शहराच्या दिशेला तोंड केलं. "नाव काय घेऊ?" "तिची आई मारी ती हाक मार." मालनला ती ठाऊक नव्हती. इतकी वर्षं एका घरात काढली, कधी विचारलं नव्हतं.  म्हणाली, "बाळ, तुझ्या आईनं जी हाक मारली असेल, ती ऐक. ऊठ." अक्षता टाकल्या.

लगेच फोन वाजला. केशवचा आवाज कापत होता. "मालन, आईनं ओ दिली! कुणी हाक मारली नव्हती गं. आम्ही सगळे गप्प बसलो होतो. तिनं डोळे उघडले, म्हणाली, आले गं आई."

मालननं दाराकडं पाहिलं. उंबऱ्यावर कुणी नव्हतं. रस्त्यावर कुणी नव्हतं.  तिनं तिथंच जमिनीला डोकं टेकलं.

मग म्हातारी बरी झाली, काठी टेकत घरी आली. डाव्या हातात बळ कमीच राहिलं. मालननं विचारलं, "आई, कुणी हो हाक मारली?"

"माझ्या आईनं. बकुळे, म्हणाली. लग्नात माझं नाव बदललं, तेव्हापासून ती हाक मी ऐकली नव्हती. विसरलेच होते बघ."

पुढच्या वर्षी श्रावणातल्या शुक्रवारी मालननं पाट मांडला. म्हातारी मागं सरू लागली. मालननं तिचा हात धरला, पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. म्हातारी लहान पोरीसारखी दोन्ही डोळे मिटून बसली.

राधाबाई दारात उभी राहून बघत होती. मग ती घरी गेली, आणि आपल्या विधवा सासूला हाताला धरून घेऊन आली. म्हणाली, "मालन, अजून एक पाट मांड."

जिवतीमाता जशी अनसूयाबाईच्या उशाशी उभी राहिली, तशी तुमच्याआमच्या दूरच्या माणसांच्या उशाशी उभी राहो. सांगितली तेवढी कहाणी, ऐकलं तेवढं पुण्य. सांगणारीला फळो, ऐकणारीला फळो, सुफळ होवो, संपूर्ण होवो.