बिनदोऱ्याची अंगठी

एका राज्यात सारे नगर काळ्या दगडाचे होते. राजा वज्रसेनाला रानझुडपांचा तिटकारा. त्याने चेटकिणीच्या दारचे घाणेरीचे झुडूप उपटवले. ती म्हणाली, "राजा, तुझ्या नगरातली मेलेली माणसे आता मनांतूनही उपटली जातील." तसेच झाले. आया गेलेल्या लेकरांची नावे विसरल्या.

त्या नगरातल्या हैबतीची थोरली बहीण तानू तापाने गेली. आधी तिचा चेहरा पुसला गेला, मग आवाज. ती त्याला काय म्हणून हाक मारी, तेही गेले. नाव तेवढे उरले. ते सुटू नये म्हणून तो "तानूआक्का, तानूआक्का" म्हणत फिरे.

वेशीवरचा बुलबुल म्हणाला, "नुसते घोकून काय होणार? घाणेरी कुठे संपली आहे? बिया मीच टाकल्या. पिवळी फुले मोरीच्या तोंडाशी, नारिंगी तोफेच्या नळीत, गुलाबी सिंहासनाच्या फटीत. तिन्ही रंगांची अंगठी ओव. सुईदोरा लावलास तर शाप कायम."

हैबती मोरीत उतरला. मग बुरुजावर गेला.

"तोफेत डोके घालतोस?" पहारेकरी ओरडला.

"आत फुले आहेत."

"मग घाल. बार उडाला तर मला सांगू नकोस."

दरबारात हैबतीने सिंहासनाच्या फटीकडे हात नेला, तसा राजा गरजला, "माझ्या सिंहासनात झुडूप? उपटा!"

"महाराज, नको! माझी बहीण हरवते आहे."

राजाने शेजारच्या रिकाम्या आसनाकडे पाहिले. "इथे कोण बसे, मलाही आठवत नाही. घे फुले."

हैबती तिथेच बसला. घाईघाईने ओवू लागला, फुले फाटली. चिडून त्याने मूठभर फेकली. मग उरलेली हातात घेऊन रडू लागला, तशी बोटे आपसूक मंदावली. एका फुलाचा देठ दुसऱ्याच्या तोंडात, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. शेवटचे पहिल्यात बसले. अंगठी मिटली.

"हळू रे, धसमुसळ्या! फूल आहे ते, बैल नव्हे."

हैबतीच्या कानांत जुना आवाज घुमला. तळ्यामागची भिंत. पानांचा उग्र वास. फुलातला मध चोखून हसणारी, पुढचा दात तुटलेली आक्का.

"आक्का!" हैबती ओरडला. राजाच्या तोंडून राणीचे नाव निघाले. घराघरांत हंबरडे फुटले, आणि लोक त्या रडण्यानेच निवले.

राजाने आज्ञा केली, फटीत उगवेल ते उगवू द्यावे. राज्य मार्गी लागले.

तानू काही परत आली नाही. अंगठी संध्याकाळी सुकली. सकाळी हैबती मोरीपाशी बसला आणि दुसरी ओवू लागला. हळू.