सातवा अभ्यासक

लेण्यांतल्या पाण्याच्या टाक्यांवरचे शिलालेख वाचण्यात करंबेळकर सरांचं आयुष्य गेलं. निवृत्तीपूर्वी प्राध्यापकपदासाठीची ही त्यांची शेवटची मुलाखत होती. समोर कुलगुरू हर्डीकर होते, रसायनशास्त्रातलं बडं प्रस्थ.

"काय हो करंबेळकर, तुमच्या संशोधनाचा दाखला जगात फक्त सहा जणांनी दिलाय? माझा चार हजार वेळा दिला गेलाय!"

आपण खरंच काही केलं का, हा प्रश्न करंबेळकरांना रोजच पडे.

"सर, माझ्या विषयात जगभरात मिळून माणसंच सात आहेत."

"मग त्या सातव्याला तुमचं काम पटत नाही वाटतं?"

"सातवा मीच, सर," करंबेळकर खालमानेनं म्हणाले. "स्वतःच स्वतःचा दाखला द्यायला संकोच वाटतो."

निवड समितीतल्या एका बाईंना चहाचा ठसका लागला. कुलगुरूंच्या चार हजारांतले निम्मे दाखले त्यांच्या स्वतःच्याच लेखांतले होते, हे विद्यापीठात सर्वांना ठाऊक होतं.

हर्डीकरांनी आधी डोळे वटारले, मग ते खो खो हसत सुटले.

"चहा घ्या," ते कप पुढे सरकवत म्हणाले, "प्राध्यापक करंबेळकर."