उघडं पेव

"...पण मी तिला एका शब्दानंही कधी दुखावलं नाही, बाबा. मग ती गेली कशी?"

सुभेदार दिनकरराव मान्यांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. पहिल्यांदा उभ्यानं विचारला होता, दुसऱ्यांदा पायावर डोकं ठेवून, आणि आता मांडी घालून.

दस्तगीरबाबा पेवाच्या तोंडाशी बसले होते. ऐंशीच्या घरातला माणूस. डोळे उन्हानं बारीक झाले होते की थकव्यानं, ते सांगता येत नव्हतं.

"या महिन्यातला तू चौथा," बाबा म्हणाले. "सगळ्यांचं हेच. मी तर काहीच केलं नाही, बाबा... सरक जरा. ऊन लागंल."

कृष्णाकाठच्या त्या गावात हळद जमिनीच्या पोटात ठेवायची रीत. तीन पुरुष खोल खड्डा, तोंड मात्र घागरीसारखं अरुंद. आतून उसाचं पाचट लावायचं, हळद भरायची, तोंडावर फरशी आणि फरशीवर माती. मग दोन वर्षं म्हणा, चार वर्षं म्हणा, कुणी बघायला जात नाही. याला पेव म्हणतात.

बाबांचा उभा जन्म ही पेवं भरण्यात आणि उपसण्यात गेला. आता पोतं उचलवत नव्हतं, म्हणून एकच काम उरलं होतं. पेव उघडलं की तोंडाशी बसायचं आणि कुणाला आत उतरू द्यायचं नाही. लोक त्यांना फकीर म्हणत, गुरुवारी लोबान घेऊन येत, नवस बोलत. बाबांना त्या सगळ्याचा मनापासून कंटाळा होता. पण दारात आलेल्याला हाकलणं काही त्यांना जमत नव्हतं.

आजचं पेव कल्लाप्पा मगदुमांचं. पहाटे फरशी काढून मगदूम घरी गेले होते, ते दिवस कलल्यावर येणार होते.

"शालनचा भाऊ उद्या गुरुवारचा तुमच्याकडं येईल," सुभेदार म्हणाले. "तुमचा शब्द तो खाली पडू देत नाही. तेवढं सांगा त्याला, बहिणीला पाठवून दे म्हणून. एकतीस वर्षांचा संसार आहे, बाबा. वीस दिवस झाले, घरात चूल पेटली नाही. मी पाव खातोय, पाव."

शेवटचा शब्द जरा कापरा निघाला. सुभेदारांनी तो खाकरून सावरला.

"जाताना काय म्हणाली?"

"काही नाही. म्हणाली, इथं जीव घुसमटतो. बास. पिशवी घेतली आणि एसटीत बसली."

"भांडण?"

"आमच्या घरात भांडण?" सुभेदारांनी छाती जरा पुढं काढली. "आमचा बाप, आबा, दारू पिऊन आईला लाकडानं मारायचा, बाबा. आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. तिच्या चितेपुढं शपथ घेतली, आपल्या घरात आवाज चढवणार नाही, हात उचलणार नाही. आजतागायत पाळली. राग आला की मी गप्प बसतो. दोन दिवस, चार दिवस. एकदा तर दीड महिना गप्प होतो. पण तोंडातून ब्र काढला नाही. विचारा गावाला."

"दीड महिना..." बाबा म्हणाले. "कशावरून?"

सुभेदारांनी आठवून पाहिलं. कारण काही आठवेना. त्या दीड महिन्यात शालन रोज ताट वाढून समोर बसायची आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची, तेवढं मात्र लख्ख आठवलं.

बाबा पेवाकडं तोंड करून बसून राहिले. भिंतीवर एक खार दोनदा चढली, दोनदा उतरली.

शिस्तीतल्या माणसाला असं नुसतं बसणं जड जातं. सुभेदारांनी वाकून पेवात डोकावलं. आत धूर नव्हता, वास नव्हता. गारसा काळोख आणि तळाशी पिवळट काहीतरी.

"बाबा, पहाटेपासून उघडं आहे ना हे? मग उतरायला काय झालं? आत तर काहीच नाही."

बाबांनी शेजारचा कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि दोरी सुभेदारांच्या हातात दिली.

"सोड खाली."

कंदील हळूहळू गेला. दोन हात, चार हात. मग ज्योत एकदम बारीक झाली आणि विझली.

"वारा लागला," सुभेदार म्हणाले.

"पेवात?"

सुभेदारांनी कंदील वर ओढला. काच पुसली, वात वर केली, पुन्हा पेटवून सोडला. त्याच जागी विझला. तिसऱ्या वेळी त्यांनी रॉकेल हलवून बघितलं, वातीचं टोक नखानं खुडलं, काच अंगावरच्या कोऱ्या रुमालानं लख्ख केली. फौजेत बंदूक साफ करावी तशी. सोडला. विझला.

"कंदीलच खराब आहे तुमचा."

बाबांनी डोळे मिटले.

"मीबी हेच म्हणालो होतो," ते म्हणाले.

"कधी?"

"बावन्न वर्षं झाली. वात ओली झालीया, म्हणालो. उतर, म्हणालो... माझा धाकटा भाऊ होता. सिकंदर. आवाजसुद्धा आला नाही त्याचा."

सुभेदारांच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"आत कुणी विष ठेवलं नव्हतं, बाळ. हळदच होती, चांगली हळद. नुसती कोंडून राहिली की आतली हवा खाते. मग आत गेलेला माणूस जळत नाही, तडफडत नाही. हळूच खाली बसतो."

सुभेदारांनी कंदील वर ओढून बाजूला ठेवला.

मग बाबांनी अगदी सहज विचारलं, "शालनला कुठं दाखवलंस?"

"दाखवलं की. दोन ठिकाणी दाखवलं. लग्न होऊन आली तेव्हा काय बोलायची, बाबा! विहिरीवरून हसत यायची, तिचं हसू आधी घरात पोचायचं. मग हळूहळू विझतच गेली. जेवण कमी, बोलणं कमी. म्हटलं, काहीतरी आजार असेल. टॉनिकं आणली, छातीचा फोटो काढला..."

"काय निघालं?"

"काही नाही. सगळं चांगलं आहे म्हणाले."

"म्हणजे कंदील चांगला होता," बाबा म्हणाले.

सुभेदारांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. पन्नास वर्षांत ती अशी किती वेळा उडाली असेल, आणि दर वेळी त्यांनी दात आवळून ती खाली बसवली होती. आताही दात आवळले. पण उन्हात बसून बसून माणूस थकला होता, वीस दिवस पाव खाऊन थकला होता, आणि एकतीस वर्षं गप्प बसून तर फारच.

"म्हणजे खोट माझ्यात?" आवाज फुटला तो असा, की भिंतीवरची खार पळाली. "मग काय करायला पाहिजे होतं मी? आबासारखं लाकूड घ्यायचं होतं?"

"आबानं आग लावली. तू हवा संपवलीस," बाबा म्हणाले. "घरातल्या बाईला दोन्ही सारखंच."

"मी आबासारखा?" सुभेदार उभे राहिले. "मी? अहो, ज्याचं थोबाड नको म्हणून मी फौजेत गेलो..."

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तिथून चालायला लागले.

"कुठं चालला? मला बोलून घेता आणि उठून जाता?"

"कुठं जात न्हाई. वाऱ्याच्या बाजूला बसतो," बाबा पाच-सात पावलांवर बसत म्हणाले. "फरशी निघाली की समोर बसू नये. तुझं चालू दे."

आणि सुभेदारांचं चालू झालं. काय काय निघालं, विचारू नका. आबा निघाला, आबाचं लाकूड निघालं. बढती डावलणारा साहेब निघाला, बांध कोरणारा चुलतभाऊ निघाला. शालननं एकदा पाहुण्यांसमोर त्यांना टोकलं होतं, तेसुद्धा निघालं. एकेकाला नाव घेऊन शिव्या दिल्या. समोर कुणीच नव्हतं. एक उघडं पेव होतं आणि पाठमोरा बसलेला म्हातारा.

शेवटी शिव्या संपल्या आणि आवाज खाली आला.

"एकदाच ओरडलो होतो, बाबा. जन्मात एकदाच."

"कुठं?"

"सरहद्दीवर. बर्फात. आम्ही चढून गेलो वरच्या ठाण्यावर. समोरचा वळला. वीस-बावीसचा असेल, मिसरूड होतं. मी गळा फाटेपर्यंत ओरडलो आणि..."

सुभेदार खाली बसले.

"सगळे घोषणा देत होते. मीही दिली असंच सगळ्यांना वाटलं. पण मी काय ओरडलो ते मला माहीत आहे."

बाबांनी मान वळवली.

"आबा, म्हणून ओरडलो. आबा, आबा... तो मेल्यावरही थांबलो नाही. शेजारच्या जवानानं धरलं मला." त्यांनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. "त्या पोरानं माझं काय वाईट केलं होतं? त्याला मी ओळखतही नव्हतो. पदक मिळालं मला त्याचं. घरात टांगलंय, दारासमोरच. आणि खरं सांगू? त्या दिवशी छाती जेवढी मोकळी झाली, तेवढी पुन्हा कधी झाली नाही. त्याचीच लाज वाटते."

"शालनला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"...कोंडलेलं कुठंतरी निघतंच," बाबा म्हणाले. "दूरच्या, अनोळखी माणसावर निघालं की पदक मिळतं. मोठाल्या लोकांना हे पक्कं ठाऊक असतं, सुभेदार. तुझ्यासारखी हजार पेवं भरून ठेवतात आणि एका दिवशी सरहद्दीवर नेऊन उघडतात."

बोलताना त्यांना धाप लागली होती. ते तसेच बसले, सुभेदारही बसले. सुभेदारांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. रुमाल काच पुसून काळा झाला होता.

दिवस कलला तसे मगदूम आले. गोल पोटाचा, पांढऱ्या टोपीचा माणूस. पाठीमागून चार हमाल.

"झालं का हो बाबा?"

बाबांनी सुभेदारांना खूण केली. सुभेदारांनी कंदील पेटवला आणि सोडला. दोन हात, चार हात, सहा हात... कंदील तळाला टेकला. जळत राहिला. खालची हळद सोन्यासारखी दिसायला लागली.

बाबांनी पुरती पाच मिनिटं वाट पाहिली. मग मान हलवली.

मगदुमांनी टोपी काढून हमालाच्या हातात दिली, धोतर खोचलं आणि कमरेला दोर बांधून घेतला. एवढं पोट त्या तोंडातून जातंय का, अशी सुभेदारांना शंका आली, पण गेलं.

"हमाल असताना शेठ का उतरतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"सिकंदर गेल्यापासून गावाची रीत आहे," बाबा म्हणाले. "ज्याचं पेव, तो आधी. त्याचा श्वास तिथं चालला, तरच दुसऱ्यानं जायचं."

थोड्या वेळानं मगदूम शिंकत वर आले, भुवयांपासून पोटापर्यंत पिवळेधमक. हमाल हसले. त्यांनीही हसून हात झटकले आणि म्हणाले, "उतरा रे."

काम सुरू झालं. आता बाबांची गरज नव्हती. ते आपली काठी शोधायला लागले. सुभेदारांनी ती उचलून हातात दिली आणि हात सोडला नाही.

"बाबा, आता मोकळं वाटतंय. खरंच. मी तिला सगळं सांगीन. आता ती आली तरी... आता काही धोका नाही ना? उद्या मेहुण्याला सांगाल ना, पाठव म्हणून?"

बाबांनी त्यांच्याकडं पाहिलं. फार दमलेली नजर होती ती, पण तीत माया होती.

"पेव कुणाचं, सुभेदार?"

"मगदुमांचं."

बाबा नुसते बघत राहिले.

"...माझं," सुभेदार म्हणाले.

बाबांनी जमिनीवरचा दोर उचलला, त्याचं टोक सुभेदारांच्या मुठीत दिलं आणि मूठ मिटवली.

"मग तिला कशाला बोलावतोस? आधी तू उतर."